स्पायडरमॅनची काकू

आज एका घराबद्दल लिहायचंय. घर आपल्याकडचं नाही. न्यूयॉर्क शहरात क्वीन्स म्हणून भाग आहे, त्यातल्या फॉरेस्ट हिल्स वस्तीतलं. घरात माणसं दोनच, एक वयस्कर विधवा काकू आणि तिचा शाळकरी पुतण्या. पोराचे आईवडील तो लहान असतानाच गेले. काका-काकूंनी पोटच्या मुलासारखं वाढवलं. मग काकाही गेला. घरभाडं थकलंय, घरमालक दारात येऊन गेलाय. पोरगा अभ्यासात हुशार, पण अंगानं किडकिडीत, डोळ्यांवर चष्मा, वर्गातली मुलं टिंगल करतात. नोकरी मागायला जावं तर वय लहान म्हणून कुणी उभं करत नाही. काकू एक दिवस त्याला न सांगता आपले दागिने गहाण ठेवायला जाते. पोरगा ते लांबून बघतो, आणि बघितल्याचं तिला सांगत नाही.

हा पोरगा म्हणजे पीटर पार्कर, अर्थात स्पायडरमॅन. तोच, लाल-निळा पोशाख घालून भिंती चढणारा, ज्याचं चित्र आपल्या मुलांच्या दप्तरावर आणि पाण्याच्या बाटलीवर असतं. दागिन्यांचा हा प्रसंग त्याच्या नावाचं मासिक निघालं त्याच्या पहिल्याच अंकात आहे, १९६३ सालच्या.

मी मराठी घेऊन बी.ए. केलेली बाई. या पुस्तकांच्या वाटेला मी कधी गेले नव्हते. पण आमच्या महिला मंडळाचं एक छोटं वाचनालय आहे, तालुक्याच्या गावात असतं तसं. दोन कपाटं, एक सतरंजी, चार खुर्च्या. काही वर्षांपूर्वी पुण्याच्या एका ओळखीच्या बाईंनी त्यांच्या मुलाची जुनी पुस्तकं खोक्यात भरून पाठवली. त्यात या कॉमिक्सचा मोठा गठ्ठा निघाला. जुन्या गोष्टी एकत्र छापलेले जाड संग्रहही होते. इंग्रजीतलं कोण वाचणार, असं आमच्यातल्या काहीजणी म्हणाल्या. आज त्या गठ्ठ्यातली निम्मी पुस्तकं चिकटपट्टीवर उभी आहेत, इतकी हाताळली गेलीत.

एक नववीतला मुलगा येतो. सुट्टीत वडिलांबरोबर गॅरेजवर काम करतो, नखांत काळं तेल असतं. चित्रं बघत बघत, अडलेला शब्द विचारत वाचतो. त्याला मी विचारलं, बाबा, तुला यात एवढं काय आवडतं? मला वाटलं, मारामारी म्हणेल, किंवा जाळं सोडून या इमारतीवरून त्या इमारतीवर जाणं. तर तो म्हणाला, "काकू, त्याच्याकडे पैसेच नसतात."

मग मी चष्मा लावून वाचायलाच बसले.

आधी थोडं मागचं सांगते. स्टॅन ली हे लेखक आणि स्टीव्ह डिटको हे चित्रकार. दोघांनी मिळून १९६२ साली हा मुलगा उभा केला. (दोघेही २०१८ साली गेले, काही महिन्यांच्या अंतरानं.) पहिली गोष्ट अवघ्या अकरा पानांची होती. ज्या मासिकात ती आली ते बंदच पडणार होतं, तो त्याचा शेवटचा अंक, किंमत बारा सेंट. स्टॅन ली नंतर सांगायचे की प्रकाशकाला ही कल्पना मुळीच पसंत नव्हती. एक तर कोळी कुणाला आवडत नाही. दुसरं म्हणजे शाळकरी मुलानं फार तर नायकाच्या मागं मागं फिरावं, बॅटमॅनच्या मागे रॉबिन फिरतो तसं. त्यानंच नायक व्हायचं? आणि नायकाला कधी घरच्या अडचणी असतात का? बंदच पडणारं मासिक म्हणून जाऊ दिलं झालं. तो अंक इतका खपला की दुसऱ्या वर्षी मुलाच्या नावाचं मासिक निघालं, आणि २०२२ साली त्यानं नऊशेचा आकडा ओलांडला.

आपल्याकडे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे होताच की. फुरसुंगीचा, पुण्यातल्या विद्याभवन शाळेतला, काटकुळा आणि चपळ. आमच्या पिढीनं त्याच्यावर जीव टाकला. पण फास्टर फेणे घरभाड्याची चिंता करत बसलाय असं काही मला आठवत नाही. तो संकटात उडी मारतो, ट्टॉक् करतो आणि सुटतो. पीटरचं तसं नाही. त्याची मोठी संकटं सुटतात, घरची तशीच राहतात.

त्या पहिल्याच अंकातला आणखी एक प्रसंग मी आमच्या बचत गटाच्या बायकांना सांगितला, तेव्हा सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या. घरात पैसा नाही म्हणून हा पोशाख घालून खेळ करून दाखवतो. मोबदला मिळतो, पण चेकनं. नाव खरं सांगता येत नाही, म्हणून चेक निघतो स्पायडरमॅनच्या नावे. बँकेत जातो तर तिथला माणूस ओळखपत्र मागतो. मीच स्पायडरमॅन, हा बघा पोशाख, असं म्हटलं तर म्हणतो, पोशाख काय कुणीही घालेल. चेक तसाच परत. आमच्या एक ताई म्हणाल्या, "म्हणजे केवायसी अडलं म्हणा की!" भिंतीवर चढणाऱ्या माणसाला बँकेच्या खिडकीवर हात हलवत परत यावं लागतं, हे ज्यानं लिहिलं त्याला गरिबाच्या घरातलं काहीतरी नक्की ठाऊक असणार.

पुढे तो एका वर्तमानपत्राला छायाचित्रं विकू लागतो. छायाचित्रं कुणाची? स्वतःचीच, पोशाखातली. आणि तो संपादक तीच छापून शेजारी लिहितो की हा स्पायडरमॅन गावाला धोका आहे. म्हणजे पोराच्या घरात चूल पेटते ती स्वतःच्या बदनामीच्या पैशावर. आणि ते वर्तमानपत्र वाचून काकू त्यालाच म्हणते, हा स्पायडरमॅन किती भयंकर आहे, तू त्याच्यापासून लांब राहा हो!

इथे मला वाटतं आपण थांबून बघायला हवं. कारण या मासिकाची ओढ मुलांना कशाची लागते ते इथे आहे. ताकद तर सगळ्याच नायकांकडे असते. या मुलाकडे एक गुपित आहे, आणि ते त्यानं शत्रूपेक्षा जास्त घरापासून लपवलंय. रात्री खिडकीतून येतो, ठेचाळलेला, फाटलेला पोशाख स्वतःच शिवतो. सकाळी काकू विचारते, डोळे का रे सुजलेत? अभ्यास करत होतो. तिचं काळीज नाजूक, ऐकलं तर धक्का बसेल, ही त्याची भीती.

बरं, या लपवालपवीच्या मुळाशी काय आहे? नवीन ताकद मिळाल्यावर पोरगा थोडा फुगलेला असतो. टीव्हीवर कार्यक्रम करून पैसे मिळवतोय. समोरून एक चोर पळत येतो, पोलीस ओरडतो, अडव त्याला. हा बाजूला होतो. मला काय त्याचं? त्याच चोरानं पुढे त्याच्या काकाचा जीव घेतला. त्या अकरा पानांच्या शेवटी जबाबदारीबद्दलचं जे वाक्य येतं ते आज सिनेमामुळे सगळ्यांना पाठ आहे, आणि सगळ्यांना वाटतं ते काकाचे शब्द. १९६२ च्या गोष्टीत मात्र काका ते म्हणतच नाही. शेवटच्या चौकटीत ते निवेदकाचं म्हणून येतं. मला ते तसंच जास्त खरं वाटतं. कुणी मोठ्यानं उपदेश केला म्हणून पोरगा बदलला नाही. न अडवलेला चोर त्याच्या मनात बसला, आणि हे तो कुणाजवळ बोलू शकला नाही. काकूजवळ तर नाहीच. कसं सांगणार, तुझा नवरा माझ्यामुळे गेला म्हणून?

आमच्या मंडळात किशोरी मुलींचा एक गट आहे. अकरावीची एक मुलगी रोज एसटीनं ये-जा करते. स्टँडवर काही मुलं त्रास द्यायची, हे तिनं आठ महिने घरी सांगितलं नाही. का? सांगितलं तर कॉलेज बंद होईल. बाबांचा रक्तदाब वाढेल. आईला आजीची बोलणी खावी लागतील. आठ महिने ती रोज संध्याकाळी "काही नाही, दमले" म्हणत होती. तिनं हे पुस्तक वाचून मला विचारलं, "काकू, हा नेहमी काही नाही असंच का म्हणतो?" आणि स्वतःच गप्प झाली. तिच्या प्रश्नातून पुढे बोलणं निघालं, आगारात तक्रार गेली, दोन बायका आठवडाभर तिच्याबरोबर स्टँडवर उभ्या राहिल्या. कॉलेज सुरू आहे.

याच अंगानं एका वेगळ्या स्पायडरमॅनची गोष्ट सांगावीशी वाटते. २००४ साली चार अंकांची 'स्पायडरमॅन इंडिया' निघाली, भारतीय मंडळींनीच केलेली. त्यातला मुलगा पवित्र प्रभाकर, खेड्यातून मुंबईला शिकायला आलेला, बरोबर भीमकाका आणि मायाकाकू. धोतर नेसून मुंबईच्या इमारतींवरून उड्या मारणारा तो मुलगा मला खरं सांगायचं तर जरा पाट्यांवरच्या जाहिरातीसारखा वाटला. पण एका जागी त्यांनी मूळ गोष्ट बदलली ती अचूक. इथे चोर पळत जात नाही. इथे गुंडांनी घेरलेली एक बाई मदतीसाठी ओरडते, पवित्र ऐकून पुढे निघून जातो. भीमकाका मात्र त्याच बाईसाठी मध्ये पडतो आणि जीव गमावतो. आपल्या स्टँडवर, बाजारात, रिकाम्या गल्लीत बघून न बघितल्यासारखं पुढे जाणारे किती पवित्र आपण रोज पाहतो! (२०२३ च्या सिनेमातून हा मुलगा पुन्हा आला. तो सिनेमा मराठीतही भाषांतरित आवाजात लागला होता. तिथला पवित्र मात्र फारच मजेत दिसतो.)

आता मूळ काकूकडे येते, कारण मला तीच जास्त आवडते. तिचं नाव मे. इंग्रजीत सगळ्याच आंट्या, पण बेन हा पीटरच्या वडिलांचा मोठा भाऊ, म्हणजे आपल्या हिशेबानं ही सख्खी काकू. सुरुवातीच्या वर्षांत लेखकांनी तिला फार सोसायला लावलं. सारखी आजारी, सारखी अंथरुणात. १९६६ सालच्या एका गाजलेल्या अंकात ती मरणाच्या दारात आहे आणि तिचं औषध पीटरपासून चार हातांवर पडलंय. तो प्रचंड यंत्राखाली अडकलाय, वरून पाणी गळतंय. पानंमागून पानं तो नुसता ते ओझं उचलायचा प्रयत्न करतो. डिटकोंनी चौकटी हळूहळू मोठ्या करत नेल्यात. शेवटी तो उठतो ते शत्रूला मारायला नाही, औषध पोचवायला. आमचा गॅरेजवाला ही पानं उघडून शांत बसतो. त्याची आजी डायलिसिसवर आहे.

हसण्यासारखंही पुष्कळ आहे हं. शेजारच्या ॲना वॉटसनबाईंची भाची मेरी जेन, तिचं स्थळ पीटरला लावून द्यायचं म्हणून दोन्ही बायकांनी १९६४ पासून कंबर कसली. हा दरवेळी काहीतरी निमित्त काढून पळतो. वाचकांना तिचं तोंड दिसलं थेट १९६६ मध्ये, आणि मग पळाल्याचा पस्तावा झाला. आणि १९७४ साली तर खुद्द काकू पीटरच्या सगळ्यात मोठ्या शत्रूशी, डॉक्टर ऑक्टोपसशी, लग्न करायला उभी! तो तिच्याशी फार अदबीनं वागे. खरं कारण निघालं की तिच्या नावावर एक बेट येणार होतं. बाईच्या नावावर जमीन लागली की अदब वाढते, हे तिकडेही तसंच आहे तर.

काही गोष्टी मला पटत नाहीत, त्याही सांगते. १९७३ साली त्याच्या प्रेयसीला, ग्वेनला, मारलं. तिला वाचवताना ती गेली. प्रसंग मोठा आहे, पण नायकाला दुःख व्हावं म्हणून बाईचा जीव घ्यायचा ही सवय या कॉमिक्सवाल्यांना तेव्हापासून जास्तच लागली. शिवाय ही पुस्तकं महाग आहेत. आणि काही अलीकडच्या अंकांत रक्त नको तितकं आहे, लहानांच्या हातात देताना मी चाळून बघते.

चाळून बघावं, पण फेकून देऊ नये. अमेरिकेत ते करून झालंय. १९४८ च्या सुमारास तिथल्या काही गावांत शाळेच्या पोरांकडूनच कॉमिक्सची होळी करवली होती. १९५४ साली एका मानसोपचार डॉक्टरनं पुस्तक लिहिलं की यामुळे मुलं बिघडतात, संसदेत चौकशी झाली, आणि घाबरून प्रकाशकांनीच नियमावली केली. त्या नियमांत व्यसनाचा उल्लेखसुद्धा चालत नव्हता. १९७१ मध्ये सरकारच्या आरोग्य खात्यानंच स्टॅन लींना व्यसनाविरुद्ध लिहायला सांगितलं. त्यांनी पीटरच्या मित्राला, हॅरीला, गोळ्यांच्या नादी लागलेला दाखवलं. नियमवाल्यांनी शिक्का नाकारला. तीन अंक बिनशिक्क्याचे निघाले, आणि त्याच वर्षी नियम बदलावा लागला. हॅरी श्रीमंताघरचा, बापाला वेळ नसलेला मुलगा आहे. त्याच्या खोलीत काय चाललंय ते घरात कुणालाच दिसत नाही.

मुलगा मोठा झाला, कॉलेजात गेला, लग्न झालं, म्हणून २००० साली पुन्हा पंधरा वर्षांच्या पीटरपासून वेगळी मालिका सुरू केली. तिथला पीटर गेल्यावर २०११ मध्ये माइल्स मोरालेस आला, वडील कृष्णवर्णीय, आई पोर्तो रिकोच्या कुटुंबातली. त्याची गोष्ट सुरू होते ती चांगल्या शाळेच्या प्रवेशाच्या सोडतीपासून. हॉलमध्ये आकडे पुकारतायत, आईवडील श्वास रोखून बसलेत. आरटीईच्या सोडतीला मुलांची नावं घातलेल्या आयांना हे पान समजावून सांगावं लागलं नाही.

आता त्या अंकाबद्दल, ज्याच्यासाठी हे सगळं लिहितेय. मध्ये १९९५ साली चारशेव्या अंकात काकू म्हणाली होती की मला सगळं आधीपासून माहीत होतं, आणि शांतपणे गेली. पुढे दुसऱ्या लेखकांनी ठरवलं की ती काकू नव्हतीच, काकूचं रूप घेतलेली नटी होती! आपल्या मालिकावाल्यांनी हे कुठून उचललं ते आता कळलं. पण मग आला २००२ सालचा अंक. लेखक जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की. पीटर आता मोठा आहे, मास्तर आहे. काकू त्याच्या खोलीवर येते तर तो झोपलाय, अंगभर जखमा आणि शेजारी तो फाटका पोशाख. त्यानंतर अख्खा अंक दोघं बोलतात. कुठेही मारामारी नाही, फक्त दोन माणसं.

तो तिला शेवटी सांगतो, काका माझ्यामुळे गेला, मी त्या चोराला अडवलं नाही. आणि ती सांगते तिचं. त्या रात्री तिचं आणि बेनचं भांडण झालं होतं. म्हणून तो घराबाहेर पडला होता. इतकी वर्षं ती मनाशी म्हणत होती की तो माझ्यामुळे गेला.

पहिली गोष्ट १९६२ ची, हे बोलणं २००२ चं. चाळीस वर्षं त्या दोघांनी, एकमेकांवर एवढी माया असताना, आपापला अपराध उशाशी घेऊन झोप काढली. दागिने गहाण ठेवल्याचं तिनं सांगितलं नाही, बघितल्याचं यानं सांगितलं नाही. आपल्या बचत गटात मंगळसूत्र सोडवायला कर्ज मागणाऱ्या बायका मी पाहते. "पोरांना कळू देऊ नका हो ताई," हे पहिलं वाक्य. आणि पोरं मला वाचनालयात सांगतात, "आईला बोलू नका हं काकू, तिला माहीत नाही की मला माहीत आहे." माझ्याकडे दोन्ही बाजूंची गुपितं जमा होतात आणि मी मध्ये बसून पुस्तकांच्या नोंदी करते.

हा अंक मी पाच-सहा आयांना चित्रं दाखवून मराठीत सांगितलाय. शिवणकाम करणाऱ्या एक बाई, गॅरेजवाल्याची आई नव्हे, दुसऱ्या, भांडणाच्या पानावर बोट ठेवून बराच वेळ बसल्या. मग विचारलं, "पुढं काय झालं? मग तरी सुखानं राहिले का?"

त्यांना मी खरं ते सांगितलं. २००७ मध्ये कंपनीनं आणखी एक चक्र फिरवलं. काकू मरणार होती, तिला वाचवण्यासाठी पीटरनं एका सैतानाशी सौदा केला, त्यात त्याचं लग्न पुसलं गेलं आणि काकूला कळलेलं गुपितही पुसलं गेलं. आता तिला पुन्हा काही माहीत नाही. पुन्हा रात्री खिडकी, सकाळी "काही नाही".

"हे काय लिहिणं झालं!" त्या बाई रागावल्या. "एवढं बोलले ते वाया?" त्यांनी अंक परत केला नाही. पिशवीत घातला, म्हणाल्या, घरी पोराला दाखवते. नोंदवहीत त्यांच्या नावावर तो अजून लागलेला आहे, आणि मी मागायला गेलेली नाही.